घरचं दावं

गोरक्षणाच्या फाटकाशी बैलगाडी थांबली, तेव्हा उकंडरावांनी आधी आपली टोपी झटकून नीट बसवली आणि मग गाडीमागे बांधलेल्या गाईकडे पाहिलं. तांबूच्या शिंगांना हिंगूळ फासला होता. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकवाचा थर. पोळ्याला बैलांचाही एवढा थाट उकंडरावांनी कधी केला नव्हता. भाकड गाय टाकून द्यायला आणली आहे, असं म्हणायची कोणाला सोयच ठेवली नव्हती.

त्यांची बायको केसरबाई गाडीत बसली नव्हती. ती सोबत असल्याशिवाय तांबू पाऊल टाकत नव्हती, म्हणून बाईला गावापासून खामगावपर्यंत गाईसोबत पायी यावं लागलं होतं. आई मेलेल्या ह्या तांबूला ती वासरू असताना केसरबाईनं दुधात बोट बुडवून, चाटवून जगवलं होतं. आता घरात नवी म्हैस आली होती आणि तिच्यासाठी खुंटा रिकामा पाहिजे होता.

रस्त्यानं जाणारी एक शेठाणी थांबली. तिनं गाईला हात लावून तो कपाळाला लावला. "गाय दान देता? मोठं पुण्य, पाटील."

"माय हाये बाई आमची. काळजावर दगड ठेवून आनली," म्हणत उकंडरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. डोळे कोरडे ठणठणीत होते. केसरबाईला शिसारी आली. कालच ह्या माणसानं 'फुकटचं खाते' म्हणत तांबूपुढची सरकीची ढेप उचलून म्हशीला घातली होती.

शेठाणी पुढे गेली. गोरक्षणातला गडी कडूबा बाहेर आला, तांबूच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "गरीब दिसते. द्या इकडं दावं."

उकंडराव एकदम मागे सरले. "दावं नाई भेटत. घरचं दावं जनावरासंगं गेलं तं गोठ्यातली लक्ष्मी जाते. तुमचं आना."

"हाव, ते बी हायेच. आनतो," म्हणून कडूबा आत गेला.

तेवढाही धीर उकंडरावांना निघेना. त्यांनी दावं सोडलं, गुंडाळून काखेत मारलं. गाईच्या पायांवर डोकं टेकवलं आणि "जा माय, सुखी राय" म्हणत तिला फाटकाकडे ढकललं.

तांबू फाटकाकडे गेली नाही. ती वळून गाडीमागे आपल्या जागी येऊन उभी राहिली. उकंडरावांनी पुन्हा ढकललं, ती पुन्हा आली. मग त्यांनी रस्त्यावर कोणी नाही हे पाहिलं, गाडीतली बैल हाकायची पराणी उचलली आणि तिचं लोखंडी टोक गाईच्या पुठ्ठ्यात खुपसलं. रक्ताची बारीक धार मांडीवरून खाली आली. तांबू थरथरली आणि केसरबाईचं कोपर चाटू लागली.

"बोलाव ना वं तिले आत!" उकंडराव बायकोवर खेकसले. "तुह्या मागं येते ते."

"आता पाया पडले ना तुमी तिच्या?"

"नाटकं नको करू."

केसरबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. गाईच्या पायाची धूळ अजून त्यांच्या कपाळावर होती. तिनं हात पुढे केला. "आना मंग दावं."

"आत सोड अन् दावं घेऊन ये. इसरू नको."

केसरबाईनं तांबूच्या गळ्यात दावं घातलं. गाय तिच्या मागे मुकाट आत गेली. आवारातल्या लिंबाला तिला बांधून केसरबाई रिकाम्या हातानं बाहेर आली.

"दावं?"

"तिच्या गळ्यात हाये."

"कडूबा, सोड रे ते!"

गोरक्षणाचं दावं घेऊन आलेला कडूबा पुढे झाला, तशी केसरबाई म्हणाली, "कडूबाभाऊ, हात नका लावू. घरच्या दाव्याले परका हात लागला तं लक्ष्मी त्याचीच होते. नाई का हो?"

उकंडरावांचा चेहरा पडला. "थांब बे, तू नको सोडू," ते घाईनं कडूबाला म्हणाले. "केसर, तू सोड."

"मी नाई सोडत."

मग उकंडराव स्वतः गेले. त्यांनी हात पुढे करताच तांबूनं मान खाली घातली. त्यांनीच रंगवलेली ती शिंगं त्यांच्याच पोटाच्या रोखानं आली. ते मागे सरले. दुसऱ्या बाजूनं गेले, तर गाय तिकडे वळली. "माय, माय" करून पाहिलं. तांबूनं फुत्कार सोडला.

कडूबा हसू दाबत म्हणाला, "पाटील, दावं इथं ठेवता, का गाय घरी नेता?"

उकंडराव बराच वेळ पाहत राहिले. गाईकडे नाही, बायकोकडेही नाही. गाठी मारून जोडलेल्या त्या मळकट अंबाडीच्या दाव्याकडे.

"घे तिले," शेवटी ते म्हणाले. "पन दावं नीट धर."

तांबू परत मिळाली होती. केसरबाईला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही होता. पण गाय परत आली ती दाव्यापायी. फाटकाबाहेर येऊन ती थुंकली. फाटकाजवळच्या हौदावर भिजवलेल्या पदरानं तिनं तांबूच्या पुठ्ठ्यावरचं रक्त पुसलं, आणि मग गाईच्या कपाळावरचं हळदकुंकूही.

गाडी गावाकडे निघाली. "बस ना वं वर," उकंडराव दोनदा म्हणाले. केसरबाईनं ऐकलं नाही. ती मागे, गाईच्या बाजूनं चालत राहिली.

उकंडराव पुन्हा पुन्हा वळून पाहत होते. दावं तिच्या हातात आहे ना, एवढंच.