बैलाच्या नाकावरची नक्षी

"वरची गुंडी काऊन लावून राह्यली? गळा दाबतं का माह्या?" अण्णाजी बायकोच्या कानाशी कुरकुरले.

"फोटोत गळ्याचं हाड दिसते," म्हणत सुलोचनाबाईंनी गुंडी लावलीच. वर धुतलेली टोपी बसवली.

अंगणात खुर्ची मांडली होती. खुर्चीमागे नलू, त्यांची लेक, पांढरी चादर ताणून उभी होती. समोर नलूचा नवरा रूपराव, गळ्यात कॅमेरा. नागपूरच्या कॉलेजात झाडापाल्याचं शास्त्र शिकवायचे, पहिल्या दिवाळसणाला अल्लीपूरला आले होते. किसनरावांनी, म्हणजे घरच्या थोरल्या लेकानं, त्यांना हळूच बाजूला घेतलं होतं. "बाबांचा एक चांगला फोटो काढून द्या. एकट्याचा." कशाला, ते सांगितलं नव्हतं.

ते घरात कुणीच कुणाला सांगत नव्हतं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर किसनरावांना म्हणाले होते, घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. अण्णाजींना सांगितलं, पोटातली गरमी आहे, उतरेल. तेव्हापासून, जन्मभर एका जिलबीवर बोळवण झालेल्या माणसाला कुणी नाही म्हणेना. अण्णाजींनी कारण विचारलं नाही. चौथी जिलबी मागितली.

अडचण रूपरावांची होती. त्यांना माणसांचे फोटो काढायचा कंटाळा. कॅमेऱ्यापुढे एक जाड भिंग लावून ते जमिनीवर पालथे पडत आणि मुंगी चालते तिथवर नाक नेत. अर्धा रोल त्यांनी काल कपाशीच्या बोंडांवर संपवला होता. नव्या जावयाला बोलणार कोण? नवा रोल हिंगणघाटला मिळणार आणि जावयाची गाडी तर दुपारचीच.

"हं, इकडे पाहा," रूपराव म्हणाले.

"जावईबापू," अण्णाजी खुर्चीतूनच म्हणाले, "दव पडलेलं कोळ्याचं जाळं पाह्यलं का कधी? तुरीत हाय. ऊन चढलं का गेलं."

रूपरावांचे डोळे चमकले. पुढच्या क्षणी खुर्ची रिकामी होती.

सुलोचनाबाई घरामागच्या तुरीत पोचल्या तेव्हा सासरा आणि जावई शेजारी शेजारी पालथे पडलेले. अण्णाजींच्या धोतराची माती झाली होती. ते भिंगातून जाळं बघत होते आणि पोरासारखे खिदळत होते. "अवं, मोत्याची चाळणी हाय ही! तू बी पाह्य."

"मले नाई पाहाची. उठा. रोल सरते."

"अजून किती राह्यले, जावईबापू?"

रूपरावांनी कॅमेऱ्यावरचा बारीक आकडा दाखवला. सासऱ्याला एवढी गोडी लागलेली पाहून ते हरखून गेले होते. अण्णाजींनी आकडा नीट वाचला, मान डोलावली, आणि त्यांना एरंडाच्या पानांकडे नेलं. पानामागून ऊन आलं की शिरा कशा नदीसारख्या फुटतात ते दाखवलं. मग सीताफळाचे डोळे दाखवले. मग बांधावर पडलेली सापाची कात. दर वेळी सुलोचनाबाई मागून ओरडत जात, धरून आणत, धोतर झटकत, टोपी सरळ करत. दर वेळी अण्णाजी शहाण्यासारखे बसत, आणि रूपराव कॅमेरा डोळ्याला लावतात न लावतात तोच त्यांना काहीतरी आठवे. "अजून किती राह्यले?"

नलूचे हात भरून आले. तिनं चादर अंगाभोवती गुंडाळून घेतली आणि ती हसत सुटली. हसण्याचा संसर्ग असा, की किसनरावांच्याच तोंडून निघून गेलं, "अन् विहिरीच्या दगडावरचं शेवाळं दाखवलं का?" त्यांनी जीभ चावली. तोवर दोघं विहिरीवर पोचले होते.

परत आले तेव्हा रूपरावांनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "एकच उरला."

अण्णाजी लगेच गोठ्याकडे वळले. "मंग तो आपल्या ढवळ्याच्या नाकाचा काढा. बैलाच्या ओल्या नाकावर नक्षी असते, जावईबापू. एकाची दुसऱ्यासारखी नसते."

"बाबा!" किसनराव आडवे आले. "हा तुमचाच काढाचा. लागतेच तो."

"कायले?"

नलूच्या अंगावरची चादर खाली घसरली. किसनराव आपल्या पायाकडे पाहू लागले. "असाच. आठवण म्हणून."

"आठवन कायले पाहिजे?" अण्णाजी अगदी सरळ आवाजात म्हणाले. "मी हाय ना इथंच."

रूपराव एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांना समोरचा माणूस नीट दिसला. टोपी सैल. गळ्याशी सदरा दोन बोटं मोकळा.

सुलोचनाबाई घरात गेल्या. स्वयंपाकघरातला पाट घेऊन बाहेर आल्या, तो खुर्चीशेजारी आपटला. नवऱ्याचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. सकाळपासून तीनदा लावलेली वरची गुंडी त्यांनी स्वतःच सोडली. डोक्यावर पदर घेतला आणि पाटावर बसल्या.

"जावईबापू, जरा मांगं सरका. दोघांचा काढा."

"आई," किसनराव चाचरले, "एकट्याचा पाहिजे होता."

"मले मालूम हाय कायले पाहिजे होता. हे गेल्यावर भिंतीवर टांगाले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "टांगजो. पन मी जिती हाय तवरक माह्या फोटोले हार घालून दाखव."