म्हशीच्या खटल्यातलं वाक्य

शोकसभेत माईक हातात आला आणि श्रावणजींची दातखीळच बसली. अठरा वर्षं याच रंगमंचाच्या विंगेतून इतरांना वाक्यं पुरवणारे प्रॉम्प्टर ते. स्वतःचं एक वाक्य सापडेना.

फोटोतले कोसरेभाऊ हार घालूनही हसत होते. अख्ख्या झाडीपट्टीला पोट धरून हसायला लावणारा हा नट म्हशीच्या खटल्याच्या प्रवेशात दर प्रयोगाला तेच एक वाक्य विसरायचा. मग विंगेकडे वळून म्हणायचा, "मोठ्यानं सांग ना गा, श्रावण!" श्रावणजी चरफडत ते वाक्य ओरडायचे आणि लोक त्यांच्या नावानं टाळ्या पिटायचे.

आताही सवयीनं त्यांची नजर विंगेकडे गेली. तिथे कोसरेवहिनी उभ्या होत्या.

"भाऊजी, ते काही विसरत नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "सारं नाटक पाठ होतं त्यायले. म्हणत, नाहीतर आपल्या श्रावणले ओळखते कोण?"

श्रावणजींना हुंदका फुटला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं सांग ना गा, श्रावण!"

डोळे पुसून, फोटोला हात जोडून ते गरजले, "सरपंच, माझी म्हैस निर्दोष आहे!"

शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे त्या दिवशी सारं गाव विसरलं.