डावं दार

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी तात्यांना बाजूला घेऊन विचारलं, "छातीत दुखतं असं त्या कधीपासून म्हणत होत्या?"

"म्हणत नव्हती," तात्या म्हणाले. "तिला काही त्रास नव्हता."

डॉक्टरांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. "बरेच महिने दुखत असणार," ते म्हणाले. तात्यांना वाटलं, कागद दुसऱ्याच कुणाचे असतील.

त्यानंतर गाडी आवारात नुसती उभी होती. तात्या पडदे शिवायचे आणि ती ते गाडीतून गिऱ्हाइकांकडे पोचवायची, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. तात्यांना गाडी चालवता येत नव्हती. पडद्यांच्या नळ्या खांद्यावर घेऊन ते डाव्या बाजूला बसायचे. शेवटी त्यांनी गाडी विकायला काढली, आणि एका सकाळी एक तरुण जोडपं ती बघायला आलं.

नवऱ्याने बॉनेट उघडून आत डोकावल्यासारखं केलं आणि परत बंद केलं. "काका, मी तुम्हाला फार काही विचारणार नाही," तो म्हणाला. "या मॉडेलला भरवशाचे पाचपैकी साडेचार गुण आहेत. हजारो मालकांना विचारून काढलेले. एकट्या माणसाचं काय, तो आपल्या गाडीला चांगलंच म्हणणार."

"किंवा वाईट," त्याची बायको मागच्या सीटवर बसत म्हणाली. "माझ्या आत्याकडे हीच गाडी आहे. रोज शिव्या घालते तिला."

"तुझी आत्या सगळ्यांनाच शिव्या घालते. मला तर भर लग्नात घातल्या."

तात्या नेहमीसारखे पुढे डाव्या बाजूला बसले. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. नवऱ्याने 'बघितलंस?' अशा नजरेने आरशात पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी उजवं वळण होतं. ते घेऊन झाल्यावर मागून आवाज आला, "काका, तुम्ही दार का धरलंय?"

तात्यांनी खाली पाहिलं. दाराची मूठ त्यांनी घट्ट ओढून धरली होती. बोटं पांढरी पडली होती. आपण ती कधी धरली हे त्यांना कळलंच नव्हतं.

"उजवीकडे वळताना हे दार उघडतं," ते म्हणाले.

"असं कसं उघडेल?" नवरा म्हणाला. "दारांबद्दल तर एकाही मालकाची तक्रार नाही. तिथे पैकीच्या पैकी गुण आहेत." थोडं पुढे गेल्यावर त्याने आवाज खाली आणला. "काका, खरं सांगा. गाडी विकायचं तुमच्या मनात नाहीये ना? तसं असेल तर सांगून टाका. आम्हाला राग नाही येणार."

तात्यांनी पट्टा चाचपून पाहिला आणि मूठ सोडली. "पुढे मोकळं मैदान आहे," ते म्हणाले. "तिथे उजवीकडे गोल गोल घ्या. हळू."

पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीतही नाही.

"बघा!" नवरा म्हणाला. "मी काय सांगत होतो—"

दार उघडलं. काही आवाज झाला नाही. पाहुणा उतरायचा असावा तसं ते अदबीने पूर्ण उघडलं, आणि तात्यांच्या पायाशी मैदानाची माती सरकताना दिसू लागली. बायको किंचाळली. नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला.

तात्यांनी हात लांब करून दार ओढून घेतलं.

"पण एवढे हजारो मालक..." नवरा म्हणाला.

"त्यांच्यात हीपण होती," तात्या म्हणाले. "दर वर्षी त्या गुण काढणाऱ्यांचा फोन यायचा. गाडीत काही बिघाड? ही म्हणायची, छे हो, काही नाही, एकदम झकास."

"आणि तुम्ही गप्प बसायचात?" बायकोने विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"गप्प कशाला? म्हटलं, अगं, दाराचं सांग की. तर मलाच म्हणते, तुम्ही धरता ना? मग बिघाड कसला?"

बायको हसली. मग हसायची थांबली. "बाकी रस्त्यात कधी बंद वगैरे पडली का, काका?"

"माझ्यासमोर कधीच नाही," तात्या म्हणाले. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. "ती एकटी असताना काय व्हायचं, ते मला माहीत नाही."

परत येताना नवऱ्याने गाडी फार सावकाश चालवली. आवारात त्याने किल्ली तात्यांच्या हातात दिली. "एवढी दाराची कडी बदलून घ्या, काका. मग आम्ही नक्की येतो." त्याची बायको काहीतरी बोलणार होती. तिने तात्यांच्या दंडाला नुसता हात लावला आणि ती नवऱ्यामागून गेली.

नवऱ्याने चालकाची सीट मागे सरकवली होती. तात्यांनी ती पुढे ओढली, तिचे पाय पोचायचे तिथपर्यंत. मग वळसा घालून ते आपल्या जागेवर येऊन बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

समोरच्या गॅरेजवाल्याने हात पुसत रस्त्यापलीकडून हाक मारली, "काय तात्या? बऱ्याच दिवसांनी गाडी बाहेर काढलीत! काही बिघाड?"

"काही नाही," तात्या म्हणाले.

दाराची कडी अजून बदलायची आहे.