साहेबाचं थडगं

पहिली पहार दगडाखाली शिरली तसा इस्तारी पुढे सरला आणि थडग्यावरच पाय रोवून उभा राहिला.

"उकरू नका, साहेब. पायी पडतो."

"बाजूले हो," रेंजर गुणवंतराव म्हणाले. "या साहेबाच्या मडम हायेत. विलायतेतून आल्या. त्या म्हणतील तसं करा, असा वरून हुकूम हाय."

मडम सागाच्या सावलीत उभी होती. साठीची, पांढऱ्या केसांची. 

रानाच्या मधोमध हे एकच थडगं. चौतीस वर्षांपूर्वी, एकवीस सालच्या वैशाखात, जंगलखात्याचा गोरा साहेब माणसं खाणाऱ्या वाघामागे गेला होता. वाट दाखवायला सोबत इस्तारीचा थोरला भाऊ. चौथ्या दिवशी नाल्यात प्रेत सापडलं. वाघानं अर्धंअधिक खाल्लेलं, उरलेलं उन्हानं काळं पडलेलं. चेहरा राहिलाच नव्हता. खाकी कपडे आणि पायातले बूट, एवढ्यावरून साहेबाला ओळखलं. भाऊ मात्र सापडलाच नाही.

गडी साहेबाला वाघापुढे टाकून पळाला, असं सरकारनं ठरवलं. बापाला ठाण्यात नेऊन अर्धमेला होईस्तोवर मारलं. वर थडग्याची झाडलोट त्याच घराच्या गळ्यात घातली. बाप होता तोवर बापानं केली, मग इस्तारीनं. गावात त्यांचं घर आजही 'पळपुट्याचं घर'. इस्तारीला तीन पोरी, तिघींच्या सोयरिकी याच नावापायी मोडल्या होत्या.

पण इस्तारीच्या पोटात याहून मोठं भय होतं. शिकारीच्या आदल्या दिवशी साहेबानं भावाची पाठ चाबकानं फोडली होती. भाऊ उठून घरी आला. पडवीत बसून संध्याकाळपर्यंत कुऱ्हाड घासत राहिला. हे पाहिलं होतं दोघांनीच, त्यानं आणि भावजय गिरजानं. दोघांनी त्यावर पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

आता हाडांवर कुऱ्हाडीचा घाव निघाला तर? पळपुट्याचं घर खुन्याचं होईल.

गिरजा मोहाच्या झाडाशी उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. "आसामात चहाच्या मळ्यात असतीन ते," असं ती विचारणाऱ्याला सांगायची. आता कुणी विचारतही नव्हतं.

"वयनी, तू घरी जाय," इस्तारी तिच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाला.

"काऊन जाऊ? काय निगते ते पाहीन."

"तुले समजत नाई."

"मले समजते, भाऊजी. तुमच्याइतकंच समजते."

तेवढ्यात दोघा गड्यांनी जोर केला. इंग्रजी अक्षरांचा तो दगड कुरकुरला आणि गवतात आडवा झाला. इस्तारीनं डोळे मिटले. आता कुदळीचा आवाज येणार म्हणून तो दात आवळून उभा राहिला.

आवाज आला नाही. मडमनं हात वर करून गड्यांना थांबवलं होतं. ती थडग्याजवळ आली, रेंजरशी हळू आवाजात काही बोलली.

"इस्तारी," गुणवंतरावांनी विचारलं, "साहेबासंगं गेला होता त्या गड्याच्या घरचं कोणी जिवंत हाय काय?"

इस्तारीनं चटकन मान हलवली. "कोणी नाई. सारे मेले."

"मी हावो," गिरजा पुढे आली. "त्याची बायको."

"वयनी!"

"राहू द्या, भाऊजी. लय झालं."

मडम तिच्याकडे वळली. मग तिनं टोपी काढली आणि बोलू लागली. थांबत, अडखळत, गिरजाच्या डोळ्यांत न बघता. ऐकता ऐकता गुणवंतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग ते पडलेल्या दगडाकडे वळले.

"काय म्हणते मडम?" गिरजानं विचारलं. "सांगा ना, साहेब."

"बाई," ते म्हणाले, "साहेब मागच्या हिवाळ्यात वारला. विलायतेत, आपल्या घरी, खाटेवर. मरताना सारं कबूल करून गेला. आपले कपडे-बूट कोणाच्या अंगावर चढवले, तेही." त्यांनी थडग्याकडे बोट केलं. "मडम विचारून राह्यल्या, नव्या दगडावर नाव कोणतं कोरू?"

इस्तारीनं वाकून थडग्याची माती कपाळाला लावली.

"चैतू," गिरजा म्हणाली. नवऱ्याचं नाव ती जन्मात पहिल्यांदा घेत होती.