आईचा अंगठा

"ठराव असा," ग्रामसेवकांनी वाचलं, "कॉम्प्युटरवरच्या नोंदी कायम ठेवायच्या. दहा वर्षांहून जुनी कागदी रजिस्टरं नष्ट करायची."

मी पंचायतीची सदस्य. पन्नाशीत लिहायवाचायला शिकले. म्हटलं, "ग्रामसभेच्या जुन्या रजिस्टरात माझ्या आईचा अंगठा आहे. त्यावर विळ्याच्या घावाची आडवी रेघ उमटलीय. तिचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. तो अंगठा राहील ना?"

"आक्का, कॉम्प्युटरवर सगळं चढवलंय की." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. मी बोट ठेवून वाचलं: चांगुणाबाई, अंगठा आहे.

"आहे म्हणतंय, पण कुठाय?"

सरपंच हसले. "आता वाचता येतंय तुम्हाला, मग अंगठा कशाला बघायचा?"

मलाही ते खरं वाटलं. पुन्हा वाचलं. अक्षरं सगळी बरोबर होती, आई मात्र दिसेना. तोवर सगळ्यांचे हात वर गेले. माझा अर्धा वर गेला आणि खाली आला.

"माझा विरोध लिहा," मी म्हणाले.

"लिहितो. पण कारण?"

कारण मला सांगता येईना.

"तेवढी जागा मोकळी ठेवा," मी म्हटलं.