सोबतीला सासूबाई

आधीच्या डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं होतं, "वजन उचलायचं नाही." त्या धास्तीनं दोन महिने मी अश्वजितला कडेवर घेतलं नव्हतं. दहा किलोचं लेकरू हात वर करून रडायचं आणि मी कंबर धरून नुसती बघत राहायचे.

नांदेडच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"बाळंतपणापासून," नेहमीप्रमाणे सासूबाईच बोलल्या.

"कुठं दुखतं?"

"कंबरंतच. लई नाजूक हाय वो ही."

"आजी, तुम्ही जरा नातवाला घेऊन बाहेर बसता का?"

मग वीस मिनिटं मीच बोलले. कंबरेपासून सुरू केलं आणि कुठल्या कुठं जाऊन पोचले. बाईंनी सगळं ऐकलं, तपासलं, कागदावर मणका काढून दाखवला आणि म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. लेकराला खुशाल उचला, फक्त गुडघ्यात वाकून."

महिन्याभरात अश्वजित कडेवर आणि पिशवी हातात, अशी मी भाजी आणायला जाऊ लागले.

सासूबाईंना राहवेना. "कोन्ती गोळी देली गं त्या बाईनं?"

"गोळी नाही दिली, आत्या. नुसतं ऐकून घेतलं आणि नीट समजावलं."

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या.

 

"तनुजा, माझी बी कंबर लई दुखून राहिली. मला बी ने त्या बाईकडं. आन् तू लेकराला घेऊन बाहेर बस."