रोजचंच म्हण

"'जेवलाव का' हे इंग्रजीत इचार बरं, चांगुणे."

ती पाचवीत असताना बापू शेतातून आले की असं म्हणायचे. ती अडखळत विचारायची. भाकर पोटात असो-नसो, बापू 'यस' म्हणायचे.

मॅट्रिकचा शेवटचा, इंग्रजीचा पेपर देऊन चांगुणा एसटीतून तेरला उतरली, तेव्हा तोच आवाज कानात होता. पेपरात घरातल्या बोलण्याचेच प्रश्न होते. आठवडाभर तिनं चुलीपुढं बसून तेच घोकलं होतं. रोजचं असलं तर क्रियापदाचं एक रूप, आत्ता चाललेलं असलं तर दुसरं, सरलेलं असलं तर तिसरं.

"आई, बापू ऊस तोडतात म्हणू, का तोडतायत?"

भाकरी थापता थापता बनाबाई म्हणायची, "रोजचंच म्हण."

विहीर आटली तसे बापू कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेले होते. शेवटच्या पेपराच्या दिवशी येतो, असं सांगून.

रोज 'आली का मडम?' म्हणून चिडवणारी शेजारची धुरपदाकाकू आज तिला बघून आत वळली.

चांगुणा उंबऱ्यातूनच बोलली, "आई, सगळं सोडवलं. हॅज बापू कम? आलेत का गं?"

चूल थंड होती. सकाळी हातावर दही घालताना आईच्या बांगड्या वाजल्या होत्या. आता ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिची मनगटं मोकळी होती.

मागून धुरपदाकाकू आली. हातात फडक्यानं झाकलेली पाटी. पिठल्याचा वास.

ती पाटी चांगुणाला ठाऊक होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीण असं झाकून घेऊन येते. मागल्या साली गल्लीतला दगडोबा गेला, तेव्हा तिनंच अशी पाटी त्याच्या घरी नेली होती.

तिच्या हातातली कंपासपेटी खाली पडली. उचलायला कुणी वाकलं नाही.

"काकू, तुम्हाला ठावं होतं?"

"समद्या गल्लीला ठावं व्हतं. तुज्या आईनं आन घातली व्हती, बाई."

चांगुणा आईसमोर मटकन बसली.

"काल मी विचारलं, बापू आत्ता काय करत असतील. तू म्हणालीस, जेवत असतील."

बनाबाईनं तोंडातला पदर काढला.

"गेल्या आईतवारी उसाच्या फडातच गेले तुझे बापू. छातीत कळ आली. संगं गेलेल्या तुझ्या मामानं तिकडंच माती केली."

मग मोकळ्या मनगटावरून हात फिरवीत, जात्यावर बसल्यासारख्या सुरात ती म्हणाली,

"तू इचारीत व्हतीस, बाई. तवर घरात व्हते ते."